चलान बाबांच्या नावावर, गाडी कोण चालवत होतं?

चौथा मजला
सोमवार, रात्री १०:१२

आमच्या घरात एकच अ‍ॅक्टिवा आहे. जुनी, बाबांच्या नावावर. बाबा ७४ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, त्यांनी गाडीला किल्ली लावलेली नाही. चालवणारे बाकीचे: मी, बायको, आणि इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहणारा पुतण्या.

गेल्या आठवड्यात बाबांच्या मोबाइलवर मेसेज आला. खंडोजीबाबा चौक, संध्याकाळी ७:४२, लाल सिग्नल तोडला, पाचशे रुपये. फोटो उघडला तर मागून काढलेला. नंबर प्लेट लख्ख. वर बसलेला माणूस म्हणजे एक निळा रेनकोट आणि एक हेल्मेट. बाबांनी मे महिन्यात लक्ष्मी रोडवरून तीन रेनकोट एकदम आणले होते, घाऊक भावात. तिन्ही निळे, तिन्ही एकाच मापाचे. त्यामुळे आत कोण आहे ते फोटोवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

जेवताना चौकशी बसली. पुतण्या म्हणाला, त्या दिवशी सबमिशन होतं, मी रात्री नऊपर्यंत कॉलेजात. बायको म्हणाली, मी पावसात गाडी काढतच नाही, बसने येते. आई म्हणाली, भरून टाका ते पाचशे आणि आमटी गार होतेय. बाबांनी ताट बाजूला सारलं. "पैशाचा प्रश्न नाही. 'आपण नियमभंग केला आहे' असं लिहिलंय त्यात. मी केलेला नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटार वाहन कायदा डाउनलोड करून घेतला आणि पेन्सिलने खुणा करता याव्यात म्हणून छापून आणला. त्यात त्यांना कलम १३३ सापडलं. आता ते म्हणतात, मी अर्ज करून चालवणाऱ्याचं नाव कळवणार. आई म्हणते, स्वतःच्या नातवाचं नाव पोलिसांत देणार? बाबा म्हणतात, त्याचं नसेल तर ज्याचं असेल त्याचं, पण देणार.

घरात तीन दिवस शांतता आहे, म्हणून इथे विचारतो. चालवणाऱ्याने आपली ओळख सांगितलीच पाहिजे, नाहीतर मालकाने ती सांगितली पाहिजे, अशी सक्ती योग्य आहे का? की गाडीच्या नंबरवर दंड लावून विषय मिटवावा?

दुपारी १ ते ४
सोमवार, रात्री १०:३१

पुण्यात ओळख सांगायची सक्ती कशाला हवी? चौकात अडवलं की लोक आपणहून ओळख सांगतात. स्वतःची नाही, नगरसेवकाची.

भिकारदास मारुती
सोमवार, रात्री १०:५०

भरा आणि गप्प बसा. पाचशे रुपयांसाठी घरात कोर्ट कोणी मांडतं का? आमच्याकडे जो सापडेल त्याच्या पॉकेटमनीतून जातात, न सापडल्यास माझ्या.

काळा कोट
मंगळवार, सकाळी ८:०५

बाबांना सांगा, कलम बरोबर सापडलंय. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३३: ज्या गाडीच्या चालकावर या कायद्याखाली गुन्ह्याचा आरोप आहे, त्या गाडीच्या मालकाने अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती द्यायची. नुसती हाताशी असलेली नव्हे, तर थोडी खटपट करून जी मिळू शकेल तीही. म्हणजे 'मला काय माहीत, घरात तिघं चालवतात' एवढं उत्तर पुरत नाही. तुम्ही जेवणाच्या टेबलावर केलीत ती चौकशी कायद्याला अपेक्षितच आहे.

न दिल्यास कलम १८७. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याआधी तीन महिने आणि पाचशे रुपये होते.

तेव्हा 'सक्ती असावी का' हा प्रश्न कागदावर तरी सुटलेला आहे. सक्ती आहे. खरी भानगड 'मागितल्यावर' या शब्दात आहे. पाचशेच्या चलानासाठी कोणी मागतच नाही. सिग्नल तोडणं हा कायद्याने चालवणाऱ्याचा गुन्हा. पण कॅमेऱ्याला दिसतो नंबर, नंबरावरून निघतो मालक, मालक वैतागून पैसे भरतो आणि फाइल बंद. चालवणारा यात कुठे येतच नाही.

सोन्या कात्रज
मंगळवार, सकाळी ८:४०

पण साहेब, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही ना? घटनेतच आहे.

काळा कोट
मंगळवार, सकाळी ९:१५

अनुच्छेद २०(३). आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. शब्द 'आरोपी' आहे, तो लक्षात ठेवा. १९६१ मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी याची रेघ आखली: बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे साक्ष नव्हे, स्वतःला असलेली माहिती सांगायला लावणं म्हणजे साक्ष.

बाबा चालवत नव्हते, त्यांच्यावर सिग्नलचा आरोप टिकणारही नाही, म्हणून त्यांना 'कोण होतं' हे विचारायला हरकत नाही. नातवाविरुद्ध बोलायचं नाही अशी सूट आपल्या कायद्यात नाही, आईंना वाईट वाटेल तरी. पेच तेव्हा, जेव्हा मालक आणि चालवणारा एकच असतो. मग 'कोण चालवत होतं' याचं उत्तर म्हणजे कबुलीजबाबच. माझं स्वतःचं मत विचाराल तर गाडी रस्त्यावर आणणं हा परवाना आहे, जन्मसिद्ध हक्क नाही. परवान्यासोबत काही प्रश्नांची उत्तरं देणं आलंच. पण याला आव्हान देणारा अशील मिळाला तर मी त्याचीही बाजू हौसेने मांडेन.

टेम्सकाठी
मंगळवार, दुपारी १:२०

मूळचा सदाशिव पेठ, सध्या इंग्लंडात. इकडे हे प्रकरण फार गंभीरपणे घेतात. कॅमेऱ्यात गाडी सापडली की नोंदणी असलेल्याच्या घरी पत्र येतं: २८ दिवसांत चालवणारा कोण ते कळवा. रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट १९८८, कलम १७२. (साल योगायोगाने आपल्या कायद्याचंच.) नाही कळवलं तर लायसन्सवर दंडाचे सहा गुण आणि हजार पौंडांपर्यंत दंड. साध्या वेगमर्यादेच्या गुन्ह्याला गुण तीन. म्हणजे गप्प बसणं हे वेगापेक्षा महाग. तीन वर्षांत बारा गुण झाले की लायसन्स गेलंच समजा.

दोघे जण हे युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत घेऊन गेले होते. एकाने धमकीमुळे कबूल केलं, दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. २००७ मध्ये निकाल लागला, १५ विरुद्ध २: सक्ती चालेल. कारण साधारण काळ्या कोटांनी दिलं तेच. मोटार बाळगणाऱ्याने तिच्यासोबतची बंधनं पत्करलेली असतात, आणि विचारलेली गोष्ट अगदी मर्यादित आहे.

पण यातून खोटं बोलायची केवढी सोय होते तेही पाहा. क्रिस ह्यून नावाचे इथले माजी मंत्री. २००३ मध्ये वेगात सापडले, गुण बायकोने आपल्या नावावर घेतले. पुढे संसार मोडला, बाईंनी सगळं बाहेर काढलं, आणि २०१३ मध्ये नवरा-बायको दोघांनाही आठ-आठ महिने तुरुंगवास झाला. वेगासाठी नाही, खोटं नाव दिल्यासाठी.

पासोड्या विठोबा
मंगळवार, दुपारी २:०२

याहून भारी ऑस्ट्रेलियातलं. मार्कस आइनफेल्ड, तिथले निवृत्त न्यायाधीश. २००६ मध्ये ७७ डॉलरचा दंड आला. म्हणाले, मी नव्हतो, माझी अमेरिकेतली एक प्राध्यापक मैत्रीण गाडी चालवत होती. मैत्रीण २००३ मध्येच वारलेली! २००९ मध्ये न्यायाधीश महाराज तुरुंगात. ७७ डॉलरसाठी.

(बाबांना सांगा, नाव द्यायचं तर जिवंत माणसाचं द्या.)

दुपारी १ ते ४
मंगळवार, दुपारी ४:०१

आमच्याकडे मयत माणसाच्या नावावर रेशन निघतं, सिग्नल तोडला तर काय बिघडलं.

मुक्ता हडपसर
मंगळवार, सायंकाळी ६:१५

सगळे पोलिसांना ओळख देण्याबद्दल बोलताय. माझा अनुभव वेगळा. मागच्या वर्षी वारजे पुलाखाली माझ्या गाडीचा आरसा एकाच्या कारला घासला. तो खाली उतरला आणि म्हणाला, लायसन्स दाखव, आधारकार्ड दाखव, नंबर दे. माझ्या लायसन्सचा फोटो काढायला लागला. त्यावर माझ्या घरचा पत्ता आहे! रात्रीचे साडेनऊ, पाच-सहा लोक जमलेले, सगळे त्याच्या बाजूने. मी मोबाइल नंबर दिला. पुढचे दहा दिवस त्याचे मेसेज येत होते, आरशाबद्दल एकही नव्हता.

ओळख द्यायची ती कोणाला, हे आधी ठरवा.

काळा कोट
मंगळवार, सायंकाळी ७:३०

मुक्ताताई, तुम्ही त्याला लायसन्स दाखवायला बांधील नव्हता. कलम १३० नुसार लायसन्स दाखवायचं ते गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितलं तर. समोरच्याने गाडीचा नंबर टिपून घ्यावा, तेवढा पुरतो. कोणाला लागलं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर मात्र कलम १३४: कोणी जखमी असेल तर त्याला डॉक्टरकडे न्यायचं, पोलीस मागतील ती माहिती द्यायची, पोलीस तिथे नसतील तर २४ तासांच्या आत ठाण्यात कळवायचं. जखमीला नेण्याच्या कर्तव्याला कायद्याने स्वतःच एक अपवाद जोडलाय, 'जमावाच्या रोषामुळे' शक्य नसेल तर. कायदा लिहिणाऱ्यांना आपले चौक चांगले माहीत होते.

सोन्या कात्रज
मंगळवार, रात्री ८:१०

तेच तर. ट्रकवाले पळतात ते तुरुंगाच्या भीतीने नाही, मार खायच्या भीतीने. भारतीय न्याय संहितेत अपघातात कोणाचा जीव घेऊन न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद असं आलं, तर जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल संपणार म्हणून पंपांवर रांगा लागल्या. शेवटी बाकी संहिता १ जुलैला लागू झाली, ते कलम १०६(२) तेवढं बाजूला ठेवलं. ओळख सांगायला थांबायचं, तर थांबलेला माणूस जिवंत राहील याची हमी कोण देणार?

आजीचा चष्मा
मंगळवार, रात्री ९:२५

कल्याणीनगरचा विषय कोणी काढला नाही अजून, आश्चर्य आहे.

१९ मे २०२४. दोन तरुण इंजिनिअर गेले. पोर्शे चालवणारा सतरा वर्षांचा. जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर सगळा महाराष्ट्र बोलला, पण मला त्या प्रकरणातल्या दुसऱ्या दोन गोष्टी आठवतात. एक, गाडी मी चालवत होतो असं सांग म्हणून घरच्या ड्रायव्हरवर दबाव आणल्याचा गुन्हा पोलिसांनी घरच्यांवर नोंदवला. दोन, त्या गाडीला नंबर प्लेटच नव्हती; १,७५८ रुपये शुल्क न भरल्यामुळे नोंदणी अडकलेली. म्हणजे अख्ख्या शहरातल्या एकाही कॅमेऱ्याला ती गाडी कोणाची हे सांगता आलं नसतं.

आपण पाचशेच्या चलानावर 'घरचा विषय आहे, कोणीतरी भरून टाका' म्हणतो ना, त्याच सवयीचं हे मोठं रूप आहे असं मला वाटतं. चालवतो एक, नाव लागतं दुसऱ्याचं. ज्याच्या घरात नोकर असतो तो नोकराचं लावतो, आपण म्हाताऱ्या वडिलांचं लावतो.

भिकारदास मारुती
मंगळवार, रात्री ९:४०

अहो, कुठे पोर्शे आणि कुठे अ‍ॅक्टिवा. काहीही जोडता.

आजीचा चष्मा
मंगळवार, रात्री ९:५२

जोडतेच. माझे यजमान गेले त्याला अकरा वर्षं झाली. धडक देणारी गाडी सापडली, मालक सापडला, चालवणारा कोण हे ठरवण्यात सहा वर्षं गेली. रोज कोर्टात वेगळं नाव. पोर्शे नव्हती, टेम्पो होता.

भिकारदास मारुती
मंगळवार, रात्री १०:२०

माफ करा ताई.

मीटरप्रमाणे
बुधवार, सकाळी ६:४५

माझ्या दोन रिक्षा आहेत. एक मी चालवतो, दुसरी शिफ्टवर देतो, दिवसा एक, रात्री एक. चलान येतं माझ्या नावावर. मी एक वही ठेवली आहे. किल्ली घेताना नाव, वेळ, मीटरचा आकडा आणि सही. परत देताना पुन्हा सही. चलान आलं की तारीख-वेळ वहीत बघायची, ज्याची सही त्याच्याकडून पैसे. कोणी वाद घालत नाही. आधी रोज भांडणं होती. दुसरं म्हणजे, नवीन पोराचं लायसन्स मी स्वतः बघतो, बॅजसकट. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर मालकावर वेगळा गुन्हा, ते आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

टेम्सकाठी
बुधवार, दुपारी १२:१०

मीटरप्रमाणे, जर्मनीत हेच सरकार करायला लावतं! तिथे वेगाच्या गुन्ह्यात मालकाला आपोआप दंड होत नाही, चालवणाराच सिद्ध करावा लागतो, म्हणून कॅमेरा समोरून चेहऱ्याचा फोटो काढतो. घरच्यांविरुद्ध बोलायची सक्तीही नाही. पण गाडी सापडली आणि चालवणारा सापडला नाही, तर मालकाला हुकूम निघू शकतो: इथून पुढे प्रत्येक फेरीची नोंदवही ठेवा. शेजारी नेदरलँड्समध्ये उलट, दंड सरळ मालकाला, कोण चालवत होतं याची चौकशीच नाही. आपण कागदावर इंग्लंड आहोत आणि व्यवहारात नेदरलँड्स.

मीटरप्रमाणे
बुधवार, दुपारी १:३०

जर्मनी कशाला, धनकवडीला या. वही दाखवतो.

पोटासाठी दोन चाकं
बुधवार, रात्री ११:४८

मी घरपोच जेवण पोचवतो. गाडी चुलत्याच्या नावावर, एमएच २४. चुलते लातूरजवळ गावी. मी विमाननगरमध्ये नो एंट्रीतून गेलो की मेसेज त्यांना. त्यांना वाचता येत नाही, शाळेतल्या पोराकडून वाचून घेतात. पहिल्यांदा ते घाबरून तालुक्याला पोलिसांत जाऊन आले, माझं नाव पण सांगून आले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, पुण्याचं आहे, ऑनलाइन भरा. आता मीच दर महिन्याला बघून भरतो.

मला विचाराल तर माझं नाव लागलं तर बरंच. चुलत्यांची झोप तरी जाणार नाही. पण मग पाच चलान झाली म्हणून लायसन्स काढून घेतलं तर खाऊ काय? वीस मिनिटांत पोचव म्हणणारा कुठेच सापडत नाही, त्याचा नंबर कुठल्याच प्लेटवर नसतो.

सोन्या कात्रज
गुरुवार, सकाळी ८:३३

वरच्या प्रतिसादाला +१००.

माझं दुखणं वेगळं. जुनी स्कूटर २०१९ मध्ये विकली. मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, एजंट म्हणाला होऊन जाईल. अजून चाकणची चलानं मला येतात. आता मी कोणाचं नाव सांगू?

काळा कोट
गुरुवार, सकाळी ९:२०

आधी आरटीओत जा, आज. विकणाऱ्यानेही कळवायचं असतं, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत. चलान राहू द्या, त्या स्कूटरने उद्या कोणाला उडवलं तर भरपाई तुमच्या गळ्यात येईल. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलंय, नोंदणीत ज्याचं नाव तो मालक, मग गाडी मधल्या काळात चार हात फिरलेली का असेना.

आजीचा चष्मा
गुरुवार, सकाळी १०:०५

चौथा मजला, एक विचारू? धागा पहिल्यापासून पुन्हा वाचला. पुतण्या म्हणाला मी नव्हतो. सूनबाई म्हणाल्या मी नव्हते. बाबा चालवतच नाहीत. रेनकोट तीन. आणि 'बायको आहे की पुतण्या' असंही नाही, तुम्ही नुसतं 'आत कोण आहे' असं लिहिलंय.

तुम्ही काय म्हणालात, ते कुठेच नाही.

पासोड्या विठोबा
गुरुवार, सकाळी १०:११

अरे देवा.

दुपारी १ ते ४
गुरुवार, सकाळी १०:१४

आजी, तुम्हाला वाहतूक शाखेत घ्या म्हणून आम्ही सह्यांची मोहीम काढतो.

सोन्या कात्रज
गुरुवार, सकाळी १०:३०

धागाकर्ते अनुच्छेद २०(३) खाली गप्प आहेत.

चौथा मजला
शुक्रवार, रात्री ११:०५

गप्प होतो कारण घरी बोलत होतो.

हो, मीच. पुतण्याला कॉलेजातून आणायला नाही, कुठल्या दवाखान्यात नाही. डेक्कनला मित्राकडे चहाला चाललो होतो. सिग्नल पिवळा होता असं मला अजूनही वाटतं. फोटोत लाल दिसतोय. जेवताना बाबांनी विचारलं तेव्हा आधी पुतण्या बोलला, मग बायको, आणि माझी पाळी येईपर्यंत आईने आमटीचा विषय काढला. मी ती संधी घेतली. त्या क्षणी खोटं बोललो नाही असं स्वतःला समजावलं. पण तीन दिवस त्या पोराकडे सगळे संशयाने बघत होते आणि मी ते बघत होतो.

काल रात्री बाबांना सांगितलं. ते पेन्सिल घेऊन तो छापील कायदा वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "माहीत आहे. तुझा रेनकोट त्या दिवशी ओला होता." मग मी विचारलं, तर मग अर्जाचं नाटक कशाला? म्हणाले, "नाटक नाही. तू सांगितलं नसतंस तर उद्या सकाळी तुझं नाव लिहून दिलं असतं." अर्ज दाखवला. तयार होता, तीन प्रतींत. नावाची जागा तेवढी मोकळी.

पाचशे मी भरले. पुतण्याची माफी मागितली. तो म्हणाला, काका, पिझ्झा. मीटरप्रमाणे यांचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, तो त्यांनी दोनदा वाचायला लावला. आज सकाळी उठलो तर किल्लीच्या खिळ्याशेजारी बँकेची एक जुनी डायरी टांगलेली. रकाने आखलेले: दिनांक, वेळ, नाव, कारण, सही. पेन सुतळीने बांधलंय, काउंटरवर असायचं तसं.

मीटरप्रमाणे
शनिवार, सकाळी ६:३०

मीटरच्या आकड्याचा रकाना राहिला. बाबांना सांगा.